वजन सारखं, मग ठोसाही सारखा?

सप्टेंबर २०१४ मध्ये फॅलन फॉक्स आणि टमिका ब्रेंट्स या दोन अमेरिकन एमएमए खेळाडूंची लढत पहिल्याच फेरीत संपली. ब्रेंट्सच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. फॉक्स ही पारलिंगी स्त्री आहे. म्हणजे जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा अशी झाली होती. पुढे संप्रेरकांचे उपचार आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ती स्त्रियांच्या गटात लढू लागली.

या लढतीचा दाखला आजही वादात हमखास येतो. एक बाजू म्हणते, हाड मोडलं, आणखी काय पुरावा हवा? दुसरी बाजू म्हणते, या खेळात हाडं मोडतातच, आणि हीच फॉक्स वर्षभर आधी ॲश्ली एव्हान्स-स्मिथकडून तिसऱ्या फेरीत हरली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. माणसांचं तसं नसतं. म्हणून एक लढत बाजूला ठेवू आणि शरीरशास्त्र काय सांगतं ते पाहू.

वजनगट कशासाठी?

लंडन ऑलिंपिकमध्ये, २०१२ साली, स्त्रियांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं. तिथला सगळ्यात हलका गट ५१ किलोचा होता. मेरी कोमची जगज्जेतेपदं त्याखालच्या गटांतली. तिला वर चढून, आपल्यापेक्षा मोठ्या चणीच्या मुलींशी लढावं लागलं. तिने कांस्यपदक मिळवलं, पण तीन किलोंचा फरकही या खेळात किती मोठा मानतात हे त्यावरून कळतं.

वजनगटांमागची कल्पना सोपी आहे: वजन सारखं, तर ताकद साधारण सारखी. पण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. मुलांच्या शरीरात पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉन प्रचंड वाढतं. प्रौढ पुरुषांच्या रक्तात ते साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल प्रतिलिटर असतं, स्त्रियांमध्ये सहसा १.७ च्या खाली. त्यामुळे हाडं लांब आणि जाड होतात, खांदे रुंदावतात, स्नायू वाढतात. यातला सर्वांत मोठा फरक कमरेच्या वर दिसतो. स्त्रियांच्या शरीराच्या वरच्या भागात पुरुषांपेक्षा सरासरी ४० टक्के कमी स्नायू असतात, खालच्या भागात ३३ टक्के.

यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ठोसा मारण्याच्या हालचालीतली शक्ती मोजली. पुरुषांची सरासरी शक्ती स्त्रियांपेक्षा १६२ टक्क्यांनी जास्त निघाली, म्हणजे अडीच पटींहून अधिक. धावण्यातला स्त्री-पुरुष फरक १० ते १२ टक्क्यांचा असतो, त्याच्याशी हे ताडून पाहा. मात्र हा आकडा पुरुषांचा आहे, उपचार घेतलेल्या पारलिंगी स्त्रियांचा नाही. वादात नेमकी ही पायरी वगळली जाते.

उपचारांनी काय बदलतं?

टेस्टोस्टेरॉन दाबलं की काही गोष्टी झपाट्याने बदलतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायूंचं तसं नाही. उपलब्ध अभ्यासांनुसार वर्षभरात स्नायू जेमतेम पाच टक्क्यांनी घटतात. उंची, हातांची लांबी आणि हाडांची ठेवण तर बदलतच नाही.

अमेरिकन हवाई दलाच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांच्या उपचारांनंतर पारलिंगी स्त्रियांची पुश-अपमधली आघाडी संपली होती, पण धावण्यात त्या अजूनही १२ टक्के वेगवान होत्या. पुश-अपमध्ये आपलंच वजन उचलायचं असतं. ते वजन जास्त असेल, तर तितकेच पुश-अप काढायलाही जास्त ताकद लागते. त्यामुळे या निकालाचा अर्थही सरळ लागत नाही. २०२४ च्या एका अभ्यासात पारलिंगी महिला खेळाडूंच्या हाताची पकड अधिक मजबूत आढळली, पण वजनाच्या प्रमाणात त्यांची उडी आणि ऑक्सिजन वापरण्याची क्षमता इतर महिला खेळाडूंपेक्षा कमी निघाली. मोठी हाडं आणि घटलेले स्नायू यांचा मेळ बसत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

थोडक्यात, फायदा पूर्ण जात नाही, आणि पूर्ण टिकतही नाही. यातला कोणताही अभ्यास रिंगमध्ये झालेला नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

नियम कसे बदलत गेले

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००४ मध्ये शस्त्रक्रियेची अट घातली. २०१५ मध्ये ती काढून, वर्षभर टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलच्या खाली ठेवण्याची अट आणली. स्त्रियांच्या नेहमीच्या पातळीच्या कित्येक पट वरची ही रेषा होती. २०२१ मध्ये समितीने निर्णय खेळागणिक संघटनांवर सोपवला. २०२५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंगने जनुकीय चाचणी सक्तीची केली. ही चाचणी वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक शोधते.

आता घोळ मिटला असं वाटेल, पण तसं नाही. हे जनुक १९९० मध्ये ज्यांच्या संशोधनातून सापडलं, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच त्याच्या अशा वापराला जाहीर आक्षेप घेतला आहे. जनुक असणं आणि टेस्टोस्टेरॉनचा शरीरावर परिणाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही स्त्रियांमध्ये एक्सवाय गुणसूत्रं असूनही पेशी टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाहीत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ पैकी आठ महिला खेळाडू जनुकीय चाचणीत अडकल्या. त्यांतल्या सात जणींच्या शरीरात हाच प्रकार कमीअधिक प्रमाणात होता. आठही जणींना खेळू दिलं गेलं. यांतली कुणीही पारलिंगी नव्हती. पॅरिसमध्ये गदारोळ झाला ती अल्जीरियाची इमान खलीफही पारलिंगी नाही. तिची जन्मनोंद मुलगी अशीच आहे. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की दोन्ही नासतात.

मग करायचं काय?

माझं मत असं: धावपटूच्या बाबतीत नियम चुकला तर कुणाचं तरी पदक जातं. बॉक्सिंगमध्ये चुकला तर कुणाच्या तरी मेंदूला मार बसतो. म्हणून पुरावा अपुरा असताना या खेळांत सावधगिरीच्या बाजूने झुकणं, म्हणजे पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या खेळाडूंना तूर्त स्त्रियांच्या स्पर्धात्मक लढतींपासून दूर ठेवणं, मला समर्थनीय वाटतं. पण ही बंदी लढतीपुरतीच असावी. व्यायामशाळा, सराव आणि खेळाचा आनंद यांच्या दारावर ती टांगू नये. चाचणीचा निकाल गुप्त राहावा, अपवाद तपासायला डॉक्टर असावेत, अपिलाची सोय असावी. भारताच्या संथी सौंदराजनचं आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक २००६ मध्ये काढून घेतलं गेलं, तेव्हा तिच्या चाचणीचा निकाल आधी बातम्यांत झळकला. 

आणि जिच्यावर बंदी येते, तिने काही लबाडी केलेली नसते. नियम कडक करायचा असेल, तर निदान त्याची भाषा तरी माणुसकीची असायला हवी.