बारभाईंचा उद्योग आणि महाभियोगाचा प्रश्न

राज्याचा धनीच अपराधी निघाला, तर कारभाऱ्यांनीं त्यास पदावरून दूर करण्याचा उद्योग करावा किंवा नाहीं? अर्वाचीन राज्यघटनांत ह्या कृत्यास महाभियोग म्हणतात. मराठी राज्यांत हा प्रश्न शके १६९५ मध्यें प्रत्यक्ष उभा राहिला. त्याचाच येथें थोडक्यांत विचार करूं.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला, व लौकरच पेशवाईचीं वस्त्रें चुलते रघुनाथराव ह्यांस मिळालीं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं चौकशी करून रघुनाथरावांवर दोष ठेविला. परंतु शास्त्र्यांच्या हातीं निर्णय होता, अंमल नव्हता. वस्त्रें देणारे छत्रपति रामराजे साताऱ्यास स्वतःच परतंत्र होते; पेशव्यांस जाब विचारील अशी सभा राज्यांत नव्हती.

तेव्हां सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके प्रभृति मुत्सद्द्यांनीं निराळा मार्ग धरिला. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई ह्यांस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नांवानें कारभार चालविला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला, आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांस वस्त्रें आणविलीं.

ह्या युक्तीची वाखाणणी होते ती योग्यच होय. तथापि तींत एक न्यून राहिलें. रघुनाथरावांचा हक्क बुडाला तो वधाच्या दोषानें नव्हे, तर वारसाच्या जन्मानें. त्यामुळें ते अपराधी न ठरतां दावेदार ठरले, आणि मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांनीं पेशवे म्हणूनच त्यांच्याशीं तह केला. हें युद्ध मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें मिटलें. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

हें प्रकरण पुण्यापुरतें होतें असें नांदुऱ्याकडील वाचकांनीं समजूं नये. नागपुरकर भोसल्यांच्या घरांत आधींच कलह होता. साबाजी बारभाईंच्या बाजूस, तर मुधोजी रघुनाथरावांच्या बाजूस गेले. २६ जानेवारी १७७५ रोजीं पांचगांवच्या लढाईंत भावाच्याच हातून साबाजी पडले. वऱ्हाडांत निजाम व भोसले ह्यांचा दुअंमल असल्यानें ह्या दुहीची झळ पयनघाटास लागणें क्रमप्राप्तच होतें.

आज भारताच्या राज्यघटनेच्या ६१ व्या अनुच्छेदांत राष्ट्रपतींवरील आरोप एका सभागृहानें ठेवावा, चौकशी दुसऱ्यानें करावी, व दोहोंकडे एकूण सदस्यांचें दोनतृतीयांश मत पडावें, असें बंधन आहे. राष्ट्रपतींस बाजू मांडण्याचाही अधिकार आहे. अमेरिकेंत १८६८ सालीं अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मताच्या उणिवेनें पदावर राहिले, पण निकाल झाला व तो सर्वांनीं मानिला. बारभाईंस असें साधन नव्हतें. फिर्यादी, पंच व पुढील सत्ताधारी तेच होते.

म्हणून आमचें मत असें कीं, पुढाऱ्यांनीं असा उद्योग अवश्य करावा. मात्र दोष आधीं सिद्ध करावा, वारस मग पाहावा. तो दोषही लेखी पुराव्यानें सिद्ध व्हावा. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा घरोघर सांगतात, परंतु कथेच्या बळावर कोणी दोषी ठरत नाहीं. दफ्तरें बाळगणाऱ्यांनीं त्या दोन वर्षांचीं पत्रें, यादी व रोजकीर्दी ह्यांचा कपटाही टाकूं नये. न्यायासनापुढें न आलेला पुरावा निदान इतिहासापुढें तरी यावा.