चळवळीचे चित्र आणि आमची मुले

चळवळ म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येते, वक्ता येतो, निळे झेंडे घेतलेला मोर्चा येतो. शाहीर येतो, कवी येतो. पण ज्याने त्या मोर्चाचे फलक रात्रभर जागून रंगविले, ज्याने आमच्या वर्तमानपत्राचे पान लावले, जयंतीची पत्रिका आणि वस्तीतल्या विहाराची भिंत सजविली, तो चित्रकार कोणाच्याही भाषणात येत नाही. त्याचे काम झाले की त्याला चहा पाजून निरोप दिला जातो. हे असे का होते आणि यात आमच्या मुलांचे काय नुकसान होते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. त्यासाठी आम्ही आज एका चित्रकाराची ओळख करून देत आहोत. तो आमच्या देशातला नाही, पण आमच्या चळवळीच्या नात्यातला आहे.

१९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पार्टीवरून. काळ्यांच्या लढ्याशी आमचे नाते त्याहून जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ब्लॅक पँथरचे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ही नावे आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत. पण त्या पार्टीचा चेहरा ज्याने घडविला, त्या एमरी डग्लस यांचे नाव आमच्याकडे फारसे कोणी घेत नाही.

काळ्या पँथरचे चित्र मुळात आले कोठून? ते निवडणूक चिन्ह होते! अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीत काळे लोक बहुसंख्य होते, तरी १९६५ च्या आरंभी मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. तेथील लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अनेक मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह हवे होते. त्यांनी झेपावणारा काळा पँथर निवडला. समोरच्या गोऱ्यांच्या पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्या कोंबड्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. आमच्या वाचकांना हे सांगायला नको की १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. ज्या आयाबायांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनी तो हत्ती ओळखला. अक्षर ज्यांना नाकारले गेले त्यांच्यापर्यंत राजकारण आधी चित्रातून पोहोचले, अलाबामातही आणि महाराष्ट्रातही.

एमरी डग्लस यांचा जन्म १९४३ चा. बालपण सॅन फ्रान्सिस्कोत, गरिबीत गेले. पोरवयातच ते सुधारगृहात पोहोचले आणि तेथल्या छापखान्यात कामाला लागले. छपाईच्या शाईशी पहिली ओळख झाली ती अशी कैदेत. पुढे त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात कमर्शियल आर्टचे शिक्षण घेतले. आमच्याकडे ज्याला उपयोजित कला म्हणतात ती हीच. जाहिरात कशी आखायची, अक्षर किती मोठे घ्यायचे, पाहणाऱ्याची नजर कोठे थांबवायची, हे ती विद्या शिकविते. साबण विकण्यासाठी वापरली जाणारी ही विद्या या तरुणाने आपल्या माणसांच्या मुक्तीसाठी वापरायची ठरविली.

१९६७ साली ते पार्टीत आले. तेव्हा पार्टीचे वर्तमानपत्र नुकतेच सुरू होत होते आणि मजकूर साध्या टंकयंत्रावर बडवून काढला जात होता. आपल्याकडे कॉलेजातले साहित्य आहे, अंक चांगला करता येईल, असे डग्लस म्हणाले आणि कामाला लागले. पुढे ते पार्टीचे सांस्कृतिक मंत्री झाले आणि दशकाहून अधिक काळ त्या पत्राचा चेहरामोहरा त्यांनी सांभाळला. पैसा नव्हता, म्हणून काळ्या शाईच्या जोडीला बहुधा एकच रंग. पण त्या एका रंगातूनच त्यांनी आपली शैली उभी केली. लाकडी ठशासारख्या जाड रेषा, बाजारात मिळणाऱ्या तयार पोताच्या चिकटपट्ट्या, दाबून उमटवायची अक्षरे, फोटोचे कात्रण. अंकाचे शेवटचे पान बहुतेक वेळा पूर्ण पोस्टर असे. लोक ते काढून भिंतीवर लावत. अंकाची किंमत २५ सेंट होती आणि भरभराटीच्या काळात खप एक लाखाच्या वर गेला होता. वस्ती हेच आपल्या चित्रांचे प्रदर्शनगृह, अशी त्यांची भूमिका होती.

या चित्रांत बंदुका होत्या, हे खरे. पोलिसी अत्याचाराचा तो काळ होता आणि अत्याचारी पोलिसाला डुकराच्या रूपात रंगविण्याची कल्पना घराघरात पोहोचली ती डग्लस यांच्याच रेषेतून. पण फक्त बंदुका पाहणाऱ्यांना त्यांची अर्धी चित्रे दिसलीच नाहीत. उरलेल्या अर्ध्यात उंदरांनी भरलेली खोली आहे, भाडे न परवडणारी आई आहे, हातात धान्याची पिशवी घेतलेली बाई आहे. आणि मुले आहेत. १९७१ च्या एका प्रसिद्ध पोस्टरवर चष्मा घातलेले एक हसरे मूल आहे. त्या चष्म्याच्या काचांत पार्टीच्या कार्यक्रमात सामील झालेली मुले दिसतात. ज्या समाजाच्या मुलांना पाठ्यपुस्तकात जागा नव्हती, त्यांना त्या पोस्टरवर स्वतःचा चेहरा सापडला. तोही केविलवाणा नाही, ताठ मानेचा.

जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड येथील सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पार्टीने शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला. उपाशी पोटी मूल शिकणार कसे, एवढा साधा प्रश्न त्यामागे होता. पाहता पाहता अनेक शहरांत हा कार्यक्रम पोहोचला. पुढे मोफत दवाखाने, मोफत बूट, सिकलसेलची तपासणी, १९७३ पासून ओकलंडमध्ये स्वतःची शाळा. या प्रत्येक कामाची खबर वस्तीत पोहोचविली ती वर्तमानपत्राने आणि पोस्टरने.

याच नाश्त्याने अमेरिकेच्या सरकारची झोप उडविली. एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याला पार्टीच्या बंदुकांइतकीच मुलांच्या ताटलीची भीती वाटली. हा कार्यक्रम बंद पाडण्यासाठी काय केले गेले? मुलांसाठीच्या चित्रांचाच वापर झाला! रंग भरण्याचे एक हिंसक पुस्तक तयार झाले होते. पार्टीच्या नेतृत्वाने ते नाकारले होते. तरीही एफबीआयने त्याच्या प्रती नाश्त्याला मदत करणाऱ्या दुकानदार कंपन्यांना पाठविल्या, हेतू हा की त्यांनी मदत थांबवावी. हे आम्ही सांगत नाही. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७६ साली हे कारस्थान उघड केले. चित्राची ताकद सत्ताधाऱ्यांना नेमकी कळते. कळत नाही ती बऱ्याचदा चळवळीलाच.

अमेरिकी सरकारची शाळेतील नाश्त्याची योजना १९६६ पासून प्रायोगिक होती, ती १९७५ साली कायम झाली. आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळांत शिजवलेले अन्न देणे सरकारांना भाग पडले. पण त्याच पोषण आहाराच्या पंगतीत आमच्या मुलांना वेगळे बसविल्याच्या, दलित बाईने शिजविले म्हणून सवर्ण पालकांनी मुलांना जेवू न दिल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहिल्या. बातमी येते, निवेदन दिले जाते, विषय संपतो. त्या पंगतीचे एक चित्र शाळेसमोरच्या भिंतीवर लागले असते तर? त्यावरून रोज येणारे-जाणारे, शिक्षक, सरपंच, अधिकारी सगळेच काय ते पाहत राहिले असते.

आमच्याकडे अशी परंपराच नाही असे नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. शब्दांचा हा वारसा आम्ही जपला. चित्रांच्या बाबतीत अलीकडचे एक उदाहरण आवर्जून सांगितले पाहिजे. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ हे चित्रमय चरित्र प्रसिद्ध केले. मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी ते चितारले, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन विषयांतून बाबासाहेबांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यता त्यात येते. शिपाई नसला की शाळेत पाणी नाही, १९०१ साली मसूर स्टेशनावर ताटकळलेली ती लहान भावंडे, बडोद्यातून निघावे लागणे, चाळीसगावचा टांगा. व्याम दाम्पत्याने चौकटी आखल्या नाहीत, आपल्या घराच्या भिंतीवरच्या दिघण्याच्या नक्षीने पान विभागले. चांगले बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि जातीचे विष ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीसह. दहा वर्षांच्या मुलाला जात म्हणजे काय हे समजावून सांगताना आमचे वक्ते थकतात. तो विंचू ते एका क्षणात सांगतो!

आपले चित्र आपण काढले नाही तर दुसरे काढतात, हेही आम्ही अनुभवले आहे. शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र, ज्यात बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू दाखविले आहेत, ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होते. २०१२ साली त्यावरून संसदेत आणि रस्त्यावर संताप उसळला. त्या वादात पुण्यात एका प्राध्यापकाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. तो मार्ग आमचा नव्हे, बाबासाहेबांचा तर नव्हेच. पण उन्नमती श्याम सुंदर यांनी त्या काळातील वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली व्यंगचित्रे धुंडाळून २०१९ साली ग्रंथरूपाने मांडली, तो मार्ग आमचा. चित्राला उत्तर चित्राने, अभ्यासाने द्यायचे.

आता प्रश्न आमच्या वस्तीचा. १४ एप्रिलला चौकाचौकात फ्लेक्स लागतात. त्यांवर बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे मध्यभागी. आठवड्यात ते फाटतात. त्याच वस्तीतील मुलाला त्या दिवशी काय मिळते? मिरवणूक आणि डीजेचा आवाज. त्याच्या हातात त्याच्या वयाचे, त्याच्या भाषेतले, देखणे असे एखादे चित्रांचे पुस्तक आम्ही ठेवतो का? चवदार तळे, माता रमाई, सावित्रीमाई, फातिमा शेख, बुद्ध आणि अंगुलीमाल, यांची चित्रे त्याला कोठे दिसतात? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगा लागतात, हा जगात अभिमानाने सांगावा असा वारसा आहे. त्या रांगांत मुलांचा कोपरा मात्र शोधावा लागतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जयंती मंडळाने एक फ्लेक्स कमी करावा आणि त्या पैशात मुलांसाठी चार पानांचा चित्रअंक काढावा. डग्लस यांच्यासारखा काळा आणि एक रंग पुरे, आमचा रंग तर ठरलेलाच आहे! विहाराची एक भिंत मुलांच्या चित्रांसाठी मोकळी ठेवावी. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना हे काम सन्मानाने द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. फुकटात राबवून घेणे ही चळवळ नव्हे. पोरगी चित्र काढते म्हणून हिणवणाऱ्या पालकांना सांगावे की वकील आणि अधिकारी जितके हवेत तितकेच चित्रकारही हवेत.

एमरी डग्लस यांना २०१५ साली अमेरिकेतील डिझायनरांच्या एआयजीए या संस्थेने आपले पदक दिले. ज्यांच्या वर्तमानपत्रावर एकेकाळी पोलिसांची पाळत होती, त्यांची चित्रे मोठ्या संग्रहालयांत लागली. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. २०१२ पासून मेक्सिकोतील चियापासच्या आदिवासी झापातिस्ता स्त्रियांनी त्यांची चित्रे आपल्या सुईदोऱ्याने कापडावर भरतकामात उतरविली. ओकलंडच्या भिंतीवरचे चित्र दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या देशाच्या शोषितांनी आपले मानले. दलित पँथरने ते नाव १९७२ सालीच आपले मानले होते. चित्रांचा भाग आमच्याकडून उचलायचा राहिला आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीची पहिली बैठक होईल तेव्हा हिशेबाच्या वहीत मुलांच्या चित्रअंकासाठी एक ओळ लिहिली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.