विद्यापीठाचे शिल्प आणि दात्याची दृष्टी

विद्यापीठाच्या आवारातील शिल्प हे केवळ सुशोभन नव्हे. त्यातून त्या भूमीची ओळख प्रकट होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा याची साक्ष देतो. जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये त्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळून त्यांचे वैभव लयास गेले. तरी १८६९ मध्ये पायाभरणी होऊन १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. त्याला नाव मिळाले ते त्यांच्या मातोश्रींचे. घड्याळाच्या ठोक्यांवरून मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ समजे, अशी आख्यायिका आहे. मनोऱ्यावरील दगडी पुतळ्यांत पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांचे वेश कोरलेले आहेत.

धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथे असे काही उभारावयाचे झाल्यास प्रेरणा दूर शोधावी लागणार नाही. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर, तेथील भाजलेल्या मातीच्या प्राचीन मूर्ती, नळदुर्गचा पाणीमहाल आणि धाराशिव लेण्यांतील पार्श्वनाथ जिल्ह्यातच आहेत. अवर्षणप्रवण अशा या भागात पावसाचे पाणी साठविणारी पायऱ्यांची बारव आणि विद्यार्थ्यांना सावली देणारा कट्टा हेही उत्तम शिल्पच ठरेल.

दात्यांनी मात्र बांधकामाबरोबरच देखभालीसाठी स्वतंत्र मुदत ठेव ठेवावी. मुद्दल शाबूत राहून व्याजातून डागडुजी होत राहील. अन्यथा उद्घाटनाची कोनशिला तेवढी उरते आणि वास्तू जीर्ण होते.