परवाना, पिस्तूल आणि जत्रा

"परवाना आहे, मग पिस्तूल कमरेस लावून कोठेंही जावयास हरकत कसली?" हा प्रश्न भोर-वेल्ह्याकडील सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतो. त्याच्या पोटीं दोन गैरसमज आहेत: एक, परवाना म्हणजे सर्वत्र संचाराची सनद, दुसरा, परवाना घराचा असतो.

दुसरा अधिक घातक, म्हणून तो आधीं घेतों. एकत्र कुटुंबांत विळी, पाटा, बैलगाडी सर्वांची. तशीच "घरची बंदूक" असें आपण सहज बोलतों. कायद्यास अशी बंदूक ठाऊक नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवाना व्यक्तीच्या नांवें असतो. परवानेदार बरोबर नसतां भावानें किंवा पुतण्यानें शस्त्र न्यावयाचें, तर त्याचें लेखी अधिकारपत्र हवें; आणि तेंही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा खुद्द परवानेदाराचा उपयोग एवढ्यापुरतेंच. वडील वारले म्हणजे त्यांचें शस्त्र फडताळांत पडूं देतां येत नाहीं. विनाविलंब पोलीसठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्काचें धरूनही एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवतां येतात.

आतां संचाराविषयीं. सार्वजनिक ठिकाणीं पिस्तूल मिरवितां येत नाहीं. २०१६ च्या नियमांनुसार तें खोळींत, पूर्णपणें झांकलेलें आणि बाळगणाराच्या ताब्यांत असावें लागतें. पण झांकलें म्हणजे भागलें असें नव्हे. परवान्यावरच अटी छापलेल्या असतात, त्या वाचण्याचे कष्ट फारच थोडे घेतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शिक्षणसंस्थेचें आवार, येथें जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास अनुमतीवांचून शस्त्र नेण्यास मनाई आहे. तेव्हां वेल्ह्याच्या मेंगाईची जत्रा असो कीं भोरची रामनवमीची मिरवणूक असो, सदऱ्याखालचें पिस्तूल कोणास दिसलें नाहीं म्हणून तें कायदेशीर ठरत नाहीं. आणि अशा दाटींत, जेथें कडेवर मुलें असतात, तेथें धक्क्यानें गोळी सुटली तर कोणाच्या अंगांत शिरेल हें कोण सांगणार?

आमच्याकडील तरुण यावर अफझलखानाचा दाखला देतात. कारीच्या कान्होजी जेध्यांचा हा मुलूख. अंगरख्याखालचें चिलखत आणि मुठींतील वाघनखें येथें मुलांस बाळपणापासून ठाऊक. परंतु १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट दोन सेनानायकांची होती, चुलत बहिणीच्या वरातीची नव्हे!

वरातीवरून आठवलें. आनंदाप्रीत्यर्थ हवेंत गोळ्या झाडण्याचें फॅड आतां चित्रपटांतून इकडेही उतरूं पाहतें. २०१९ पासून, इतरांच्या जिवास धोका होईल असा बार काढणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परवाना दाखवून सुटका नाहीं.

शिवाय १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वयें जिल्हा दंडाधिकारी बंदुका, तलवारी, फार काय काठ्यासुद्धां बाळगण्यास बंदी करूं शकतात. सणाच्या तोंडावर असा हुकूम निघाला आहे काय, याची पोलीसठाण्यांत आधीं चौकशी करावी. आणि जत्रेस निघतांना शस्त्र घरीं कुलपांत ठेवून किल्ली परवानेदारानें स्वतःच्या जानव्यास बांधावी.