डोंगर सर केला, दर्याला मात्र जपा

थंडी सुरू झाली की मालवणच्या बंदरावर एक वेगळी मंडळी दिसू लागतात. पाठीवर मोठी सॅक, पायात जाड तळाचे बूट, गळ्यात शिटी आणि चेहरे उन्हाने रापलेले. ही गिर्यारोहण संस्थांची माणसे. मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ पासून हे काम करते आहे आणि आज पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा अनेक शहरांत असे गट आहेत. वर्षभर सह्याद्रीच्या कड्यांशी झुंजायचे आणि एकदा सगळ्यांनी मिळून समुद्रावर सुट्टी घालवायची, अशी यांची रीत. पहिले दोन दिवस नारूरहून रांगणा किंवा शिवापूरच्या डोक्यावरचा मनोहर-मनसंतोषगड करायचा, मग खाली उतरून मालवण गाठायचे. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग आणि जोडीला बांगडा-सुरमईचे जेवण. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेल्यापासून या किल्ल्यांचे नाव आणखी दूरवर पोहोचले आहे.

आता कुणी विचारील, की या धडधाकट मंडळींचा आरोग्याच्या सदरात काय संबंध? ना रक्तदाब, ना साखर. पण माझ्या दवाखान्यातला अनुभव असा, की अशक्त माणूस स्वतःला जपतो आणि बळकट माणूस शरीराच्या तक्रारी ऐकूनच घेत नाही. डोंगरावर कमावलेली ताकद किनाऱ्यावर जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. तेव्हा आजचा लेख या पाहुण्यांसाठी आणि त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या, होडीतून नेणाऱ्या आपल्या माणसांसाठीही.

घाम येतो, पण वाळत नाही

घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. घाटमाथ्यावरच्या कोरड्या वाऱ्यात घाम चटकन वाळतो. आपल्याकडे हवाच ओली. घाम नुसता निथळतो, पाणी आणि मीठ जाते, पण आतली उष्णता आतच राहते. कष्टाच्या कामात तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. अशा हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या मंडळींची सहल असते चार दिवसांची!

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भर दुपारी एका तरुणाला त्याच्या मित्रांनी रिक्षातून आणले. वय पंचविशीचे, अंगाने काटक. आदल्या दिवशी गड उतरलेला, रात्री जागरण, सकाळी नुसता चहा. ऐन उन्हात गटाने सिंधुदुर्गाच्या तटावरून फेरी सुरू केली. तट सुमारे तीन किलोमीटरचा, वर सावली नाही आणि दगड तापलेला. अर्ध्या वाटेवर हा मित्रांवर विनाकारण चिडू लागला. मित्रांना वाटले, झोप झाली नाही म्हणून चिडतोय. मग तो झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला आणि खाली बसला.

त्या वेळी एका होडीवाल्याने जे केले त्याला तोड नाही. त्याने पोराला सावलीत निजवले, सदरा काढला आणि विहिरीचे पाणी त्याच्या अंगावर ओतायला सुरुवात केली. खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या दिवशी ते पाणी खरोखर कामी आले. मित्र फोनाफोनी करू लागले, तेव्हा हा त्यांना म्हणाला, “पयला तेका थंड करा, मगे काय ता बोला!” होडीतही तो ओल्या पंचाने वारा घालत होता. माझ्याकडे आला तेव्हा, एवढे करूनही, ताप १०४ होता. आम्ही ओल्या चादरी आणि पंखा चालू ठेवून त्याला इस्पितळात हलवले. दोन दिवसांनी तो चालत घरी गेला.

वाचकहो, उष्माघातात वेळ मोजायची ती अंग थंड होईपर्यंतची. उन्हात कष्ट केलेला माणूस बरळू लागला, चिडू लागला, तोल जाऊ लागला की तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये, कारण कष्टाने झालेल्या उष्माघातात घाम चालूही असतो. सावली, अंगभर पाणी आणि वारा हे उपचार जागेवरच सुरू करावेत आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

हे होऊ नये म्हणून काय करावे? फेरी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करावी. न्याहारी चुकवू नये. आपली उकड्या तांदळाची पेज, वर मीठ आणि लोणच्याची फोड, ही उन्हातल्या माणसासाठी उत्तम न्याहारी. सोबत मीठ घातलेले कोकम सरबत किंवा शहाळे घ्यावे. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे; चमचा चहाचाच हवा. बिअर हे उन्हातले पेय नव्हे, हेही सांगून ठेवतो.

दोरी सुटली, शिस्तही सुटली

गिर्यारोहकांची एक गोष्ट मला फार आवडते. कड्यावर एक जण चढत असतो, तेव्हा दुसरा त्याची दोरी सांभाळून असतो. पुढारी सांगेल तेव्हाच पाऊल पुढे. पण हीच माणसे वाळूवर आली की बूट भिरकावतात आणि सगळी एकदम पाण्यात! कोण कुठे आहे याचा पत्ता नसतो. वास्तविक समुद्र कड्यापेक्षा दयाळू नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावचे आठ विद्यार्थी वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. तो दिवस मालवण विसरलेले नाही.

लाटांनी किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना वाळूतल्या खोलगट वाटेने जोरात ओढ घेते. गंमत अशी, की तिथे लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. त्यात दम संपतो आणि माणूस दमल्यामुळे बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडून मगच परतावे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरूच नये. कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी घेण्यापेक्षा दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. गिर्यारोहकांच्या सॅकमध्ये दोरी असतेच की! जोडीदार ठरवणे, एकाने काठावर उभे राहणे, दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजणे हे नियम त्यांना नवे नाहीत. ते फक्त वाळूवर आणायचे आहेत.

पाण्याखालून थेट घाटावर नको

भूमध्य समुद्रात ग्रीसचे कालिम्नोस नावाचे बेट आहे. तिथले चुनखडीचे कडे चढायला जगभरचे गिर्यारोहक आज सुट्टीत जातात, आणि तेही उन्हाळा टाळून वसंतात किंवा शरदात. पूर्वी हे बेट समुद्रतळाचा स्पंज काढून पोट भरत असे. एकोणिसाव्या शतकात पाणबुड्यांचा पोशाख आला, माणसे खोल आणि जास्त वेळ राहू लागली आणि कितीतरी तरुण लुळे होऊन घरी बसले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन भरभर वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि मज्जारज्जूला इजा करतो, हे त्याचे कारण.

आपल्याकडे पाहुण्यांना दाखवतात ते स्कुबा डायव्हिंग उथळ पाण्यातले आणि थोड्या वेळाचे असते, त्यात हा धोका कमी. पण तारकर्लीच्या संस्थेत रीतसर शिकून खोल बुडी घेणारेही आता आहेत. अशांनी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये, असा नियम आहे. आंबोलीसारखा सहाशे मीटरहून उंच घाटही यातच धरावा. म्हणून क्रम असा ठेवावा: गड आधी, बुडी नंतर आणि शेवटची रात्र मालवणात. सर्दी असताना बुडी घेऊच नये, कानाचा पडदा फाटण्याची भीती असते.

घरी गेल्यावर येणारा ताप

शेवटची गोष्ट जंगलाची. २०१६ च्या सुरुवातीपासून दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीच्या चावण्यातून होतो आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका भटकंतीचा. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांनी एकदम जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. तोवर पाहुणा आपल्या शहरात पोहोचलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा रोग येत नाही. म्हणून ताप आल्यास ‘मी सिंधुदुर्गातल्या रानात फिरून आलो’ हे वाक्य डॉक्टरांना आठवणीने सांगावे. रानात पूर्ण बाह्या, विजारीवर ओढलेले मोजे, आणि संध्याकाळी अंग तपासून आंघोळ, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

दगडात हात घालणाऱ्यांनी लाल विंचवालाही विसरू नये. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते जगापुढे मांडले. त्याने कोकणातले असंख्य जीव वाचले आहेत. पण औषध मिळायला दवाखाना वेळेवर गाठावा लागतो. मंत्र-तंत्रात तास घालवू नये.

आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्याला खोलीची किल्ली देतो, तेव्हाच भरती-ओहोटीची वेळ आणि जवळच्या दवाखान्याची वाटही सांगावी. ऐन दुपारी कुणी किल्ल्यावर निघाले तर “पेज जेवान घेवा, उन्हां उतरल्यार जावा,” असे हक्काने म्हणावे. आपले ते बोलणे त्यांना रागाचे वाटणार नाही.