रेडिओचा फ्यूज सारखा का जायचा

गारखेड्याहून पैठणला मी रोज स्वतः गाडी चालवत जाते. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. शनिवारी आप्पा, माझे वडील, सोबत असतात. माझं कॉलेज सुटेपर्यंत नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन ते तिथेच बसतात. जाताना त्यांना आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागतात. बातम्यांशिवाय बिडकीन आलं की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. म्हणून गाडीतला रेडिओ वारंवार बंद पडू लागला तेव्हा ती आमच्या घरात साधी गोष्ट राहिली नाही.

तसं आमच्या शहराला रेडिओची सवय जुनी आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहाच केंद्रं आली होती आणि संस्थानांची मिळून पाच होती. त्या पाचांपैकी एक निजामाच्या राज्यातलं, आमच्या गावातलं. 1950 मध्ये आकाशवाणीने ते आपल्याकडे घेतलं. आप्पा हे पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

रेडिओ चालता चालता गप्प व्हायचा. पडदा काळा, घड्याळ बंद. फ्यूज बदलला की सुरू, पण घड्याळात बारा वाजलेले आणि जुळवून ठेवलेली सगळी स्टेशनं गेलेली. पहिल्या गॅरेजमध्ये फ्यूज बदलून दिला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, सेट खराब आहे. नवा सेट बसवला, आठ दिवसांत तोही बंद. पैठण रस्त्याच्या खड्ड्यांमुळे कुठेतरी लूज झालं असेल, असंही बऱ्याच जणांचं मत पडलं. तिसऱ्याने सुचवलं ते ऐकून मात्र मी गाडी तशीच परत आणली. तो म्हणाला, निळ्या फ्यूजच्या जागी हिरवा टाकू, मग जाणारच नाही.

इथे जरा थांबून सांगायला हवं. फ्यूजचा रंग म्हणजे त्याची क्षमता. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. रेडिओच्या रक्षणासाठी फ्यूज आहे, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो तारेच्या रक्षणासाठी असतो. 15 अँपिअरच्या हिशोबाने घातलेल्या तारेतून 30 अँपिअर जाऊ दिले, तर फ्यूज शाबूत राहील आणि तार तापेल. ती तार गालिच्याखालून, छताच्या कापडामागून गेलेली असते. तिचं आवरण वितळलं तर आग लागते. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा, हे कुणीही, कितीही घाईत असलं तरी करू नये.

शेवटी जालना रोडजवळच्या एका गल्लीतल्या वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी सेटला हातच लावला नाही. विचारलं, ‘‘मॅडम, रेडिओसंगं अजून काय काय बंद पडतं?’’

मला सांगता आलं नाही. मुलांना प्रयोगवही नीट लिहा म्हणून सांगणारी मी, पण या बिघाडाची एक ओळ लिहून ठेवली नव्हती. त्या दिवसापासून वही केली: तारीख, वेळ, ऊन की पाऊस, रस्ता कसा, त्याआधी गाडीत काय केलं. महिनाभरात फ्यूज चारदा गेला. चारही वेळा छतातला दिवाही गेला होता. तीन नोंदी शनिवारी परतीच्या, एक प्रात्यक्षिकाचं सामान नेलं त्या दिवशीची. शनिवारी मी पैठणच्या बाजारात भाजी घेते आणि पिशव्या डिकीत ठेवते.

वही बघून चाचांनी फ्यूजच्या डब्याचं झाकण उलटं करून दाखवलं. त्यावरच्या नकाशात एकाच निळ्या फ्यूजवर रेडिओची स्मृती, घड्याळ, छतातला दिवा आणि डिकीच्या झाकणातला दिवा, असं सगळं होतं. चावी काढली तरी या तारेत बॅटरीचा प्लस कायम असतो. म्हणून तर रेडिओला स्टेशनं लक्षात राहतात.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. जळलेल्या फ्यूजच्या जागी त्यांनी दोन तारा लावून ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब जोडला. छतातला आणि डिकीतला दिवा आधी काढून ठेवला, रेडिओ बंद. आता तार कुठे बॉडीला टेकली, तर पूर्ण 12 व्होल्ट या बल्बवर येणार आणि तो लख्ख पेटणार. त्यातून दोन अँपिअरसुद्धा जात नाहीत, त्यामुळे तार सुरक्षित आणि एकही फ्यूज वाया जात नाही. बल्बवर नजर ठेवायला आप्पांना पुढे बसवलं. चाचांनी डॅशबोर्डखालच्या तारा हलवल्या, दारं उघडली, मिटली. काही नाही. डिकीचं झाकण अर्ध्यावर आलं आणि आप्पा ओरडले, ‘‘लागला! लागला!’’

गाडीच्या छतातून डिकीच्या झाकणात तारा एका रबरी नळीतून जातात. तिला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. चाचांनी ती एका बाजूने उपसली. आत सात तारा, आणि घडीवरच तिघींचं आवरण तडकलेलं. एकीचे तांब्याचे केस हिरवट पडून बाहेर आलेले. झाकण उघडलं की ते लोखंडाला टेकायचे. बारा वर्षांची गाडी, उघड्यावर उभी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात तापून तापून प्लास्टिकचं आवरण कडक होतं. मग रोजच्या वाकण्याने ते तडकतं.

दुरुस्तीतही एक बारकावा होता. तार घडीपाशीच जोडून टेप गुंडाळली तर काही महिन्यांत पुन्हा तेच, कारण डाख दिलेली जागा ताठ होते आणि वाकताना तुटते. चाचांनी खराब भाग पुरा कापला, मऊ नवी तार घातली, सांधे नळीच्या बाहेर दोन्हीकडे घेतले, त्यांवर स्लीव्ह चढवली. दीड तास लागला.

बिघाड वेगळा असेल तर लक्षणंही वेगळी. चावी काढताच दर वेळी स्टेशनं पुसली जात असतील, तर सेटमागची पिवळी आणि लाल तार तपासा. पिवळीत प्लस कायम हवा, लालमध्ये चावी फिरवल्यावरच. ॲक्सिलरेटर दाबला की आवाजात शिट्टी चढत असेल तर आधी अर्थ बघा.

नवा निळा फ्यूज बसवल्यावर आप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघून गाडीतलं घड्याळ लावलं. तो जूनचा पहिला आठवडा होता. आता गणपती उठले, दर शनिवारी डिकीत भाजी भरली जाते, पण ते घड्याळ पुन्हा लावायची वेळ आलेली नाही.