ऑक्टोबरच्या दोन तारखा
लेखमाला : घरचा संगणक (भाग सातवा)

३१ ऑक्टोबर २०२६ ही तारीख त्र्यंबकेश्वरात कोणालाही झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. त्या दिवशी ध्वजारोहण होऊन सिंहस्थ कुंभमेळा सुरू होणार, आणि पुढे २०२७च्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबरला अमृतस्नानासाठी कुशावर्त कुंडावर पाय ठेवायला जागा उरणार नाही. दुसरी तारीख त्याआधी अठरा दिवसांवर आहे, १३ ऑक्टोबर. ती कोणत्याही पंचांगात सापडणार नाही. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना दिलेली वाढीव सुरक्षेची मुदत त्या दिवशी संपते.

ज्या गावात यापुढे वर्षभर बुकिंग, यजमानांचे निरोप आणि पावत्या यांचा पूर येणार आहे, तिथले जुने संगणक नेमके त्याच सुमारास उघड्यावर पडणार. म्हणून गेले काही आठवडे वाचक जो प्रश्न विचारत आहेत तो या भागात घेतो. जुना पीसी सुधारावा की बदलावा?

आधी ही मुदत काय भानगड आहे ते पाहू. विंडोज १० जुलै २०१५मध्ये आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नियमित आधार थांबला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही थांबला. संगणक बंद पडत नाही. फक्त नवी भगदाडे सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष दिले. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर जाऊ दिली तर ते फुकट मिळते, नाहीतर एकदाच शुल्क भरावे लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणी होते. अजून केली नसेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी ते करा.

आता मूळ प्रश्न. पुरोहितांच्या घरातला संगणक एका कामाचा कधीच नसतो. सकाळी त्यावर नारायण नागबळीच्या आणि त्रिपिंडीच्या तारखा लागतात. नागबळी तीन दिवसांचा विधी, त्यामुळे एक नोंद चुकली तर परगावाहून आलेले अख्खे कुटुंब खोळंबते. वरच्या खोल्या यात्रेकरूंना दिल्या असतील तर त्यांची नोंद असते, आणि कोणी परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत ऑनलाइन सी फॉर्म भरायचा असतो. दुपारी मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, रात्री दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या यजमानांशी व्हिडिओ कॉल. अशा यंत्राबद्दल ‘किती वर्षांचा झाला?’ एवढेच विचारून निर्णय होत नाही, कारण त्याचे सगळे भाग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर पावत्या छापायला आजही पुरून उरतो. त्याच डब्यातली हार्ड डिस्क मात्र शेवटच्या घटका मोजत असते. ‘साहेब, आता नवीनच घ्या’ असे सांगणारा दुकानदार खोटे बोलतो असे नाही, पण नेमके काय अडते आहे हे त्यानेही पाहिलेले नसते.

ते पाहणे सोपे आहे. संगणक कुथायला लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर असेल तर अडचण डिस्कची आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते. सीपीयूचा आकडा वर चिकटून बसला असेल तरच प्रोसेसरकडे बोट दाखवावे. बहुतेक जुन्या घरगुती यंत्रांत पहिलाच प्रकार असतो.

हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यावरून एक दांडी इकडून तिकडे पळत माहिती वाचते. दर नव्या जागी पोचायला तिला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा शोधाव्या लागतात. तिच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तिला त्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून फक्त डिस्क बदलल्यावर माणसे ‘नवा घेतला का?’ विचारतात. एक सापळा मात्र टाळा. २०१५च्या आगेमागे घेतलेल्या बहुतेक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर चपट्या एम-टू पट्टीसाठी जागा नसते. त्यांना अडीच इंची साटा एसएसडीच लागते. नाशिकला जाण्याआधी पत्रा उघडून पाहा किंवा फोनवर फोटो काढून न्या, म्हणजे तीस किलोमीटरचा दुसरा हेलपाटा वाचेल.

रॅमचे काम पूजेच्या चौरंगाचे. चौरंग लहान असला की साहित्य मांडायला जागा पुरत नाही आणि दर वेळी कोठीत जाऊन अदलाबदल करावी लागते. ती कोठी म्हणजे डिस्क. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवणे म्हणजे छळ आहे, ८ जीबीवर संसार नीट चालतो. पण इथे काळ वाईट आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. जगातल्या तीन मोठ्या मेमरी उत्पादकांपैकी मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘थोडे थांबू, स्वस्त होईल’ हा आपला जुना हिशेब सध्या लागू पडत नाही. आणि डीडीआर-थ्रीच्या बोर्डात डीडीआर-फोर बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. अशा जुन्या बोर्डासाठी महागडी रॅम शोधत फिरण्यापेक्षा घरात किंवा नात्यात बंद पडलेल्या पीसीतली पट्टी मिळते का ते आधी विचारा.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी, कारण तिथे वेगापेक्षा परवानगीचा प्रश्न आहे. विंडोज ११ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच चालते. एएमडीत साधारण रायझन २०००पासून पुढे. पिढी ओळखायला प्रोसेसरच्या नावातला आकडा वाचायचा. आय-फाइव्ह ४५९० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. डेस्कटॉपसाठी आठवी पिढी २०१७च्या अखेरीस आली, त्याआधीची बहुतेक यंत्रे या दाराबाहेरच. शिवाय टीपीएम २.० नावाचा सुरक्षा घटक लागतो. इथे पुष्कळांची फसगत होते. यंत्र आठव्या-नवव्या पिढीचे असते, तरी विंडोज त्याला नापास करते, कारण टीपीएम बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडतो. तो चालू केल्यावर चाचणी पुन्हा घेऊन पाहा. एवढ्यासाठी नवा पीसी घेतलेला पाहणे क्लेशदायक आहे.

चौथ्या-पाचव्या पिढीच्या यंत्रावर यूट्यूब पाहताना पंखा ओरडतो, त्याचेही कारण ऐकण्यासारखे आहे. यूट्यूब ज्या व्हीपी-नाइन पद्धतीने चित्रफिती आवळून पाठवते, ती उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलने सातव्या पिढीत चिपमध्येच घातली. त्याआधीच्यांना ते काम मुख्य प्रोसेसरवर ओढावे लागते. एसएसडी घालून हे दुखणे जाणार नाही.

हे सगळे पुण्यामुंबईच्या वाचकालाही लागू आहे. त्र्यंबकचे म्हणून जे आहे ते हवेत. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याबरोबर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस ब्रह्मगिरीच्या या पायथ्याशी कोसळतो. चार महिने भिंती घामेजलेल्या असतात. त्यात घरात रोजचा धूप, उदबत्ती आणि अधूनमधून होम. तुपाच्या धुराचा चिकट थर पंख्यावर आणि हीटसिंकवर बसतो, त्यावर धूळ, धुळीवर ओल. रॅमच्या सोनेरी पट्टीवर गंज चढला की संगणक सुरू होताना नुसता पीं पीं करतो आणि पडदा काळा. असे यंत्र ‘गेले’ म्हणून टाकलेले आढळते. वीज काढून, पट्टी उपसून, खोडरबराने हलकेच पुसून परत बसवली की पुष्कळदा ते जिवंत होते. घड्याळ दर वेळी जुन्याच तारखेला जात असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे, तो बदलणे काही रुपयांचे काम. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

विजेवर मात्र पैसे सोडू नका. यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. नवी एसएसडी घालून जुनी मेलेली यूपीएस तशीच ठेवणे यात शहाणपण नाही, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर नव्या डिस्कलाही धोका असतोच. माझ्या मते या गावात खर्चाचा पहिला मान यूपीएसच्या बॅटरीचा आणि अर्थिंग तपासण्याचा, दुसरा एसएसडीचा. प्रोसेसर फार मागून येतो.

यात सगळ्यात नाजूक भाग जुन्या माहितीचा. तीर्थपुरोहितांच्या कागदी नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यांना कोणत्याही कंपनीची मुदत लागली नाही. संगणकावर चढवलेल्या यजमानांच्या याद्यांचे तसे नाही. वीस वर्षांपूर्वी त्या श्री-लिपीत, कृतिदेवमध्ये किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप झाल्या. या पद्धतींत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेले असते दुसरेच चिन्ह, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पानभर गिचमिड दिसते, आणि फोनवर नाव शोधून सापडत नाही. या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हव्यात, आणि जुना संगणक चालू असतानाच. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती रफार, जोडाक्षरे आणि पहिल्या वेलांटीवर अडखळतात. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. म्हणून आडनाव आणि गोत्र डोळ्यांनी तपासल्याशिवाय यादी पक्की मानू नका.

आणखी एक अडसर. डॉसच्या किंवा विंडोज ३.१च्या काळातले १६ बिटी पत्रिकेचे अथवा हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणी अजून वापरत असेल तर ते फक्त ३२ बिटी विंडोजवर चालते, आणि विंडोज ११ची ३२ बिटी आवृत्तीच नाही. त्यातली माहिती आताच कागदावर किंवा एक्सेलमध्ये काढून घ्या. मागे रुंद पॅरलल पोर्टला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा सॉफ्टवेअरचे डोंगल असेल तर नव्या यंत्रावर तो पोर्ट मिळेलच असे नाही.

मग करायचे काय? आठव्या पिढीचे किंवा पुढचे यंत्र असेल तर एसएसडी घाला, ८ जीबी रॅम करा आणि विंडोज ११वर जा. बदलण्याचा विचारसुद्धा नको. चौथ्या ते सातव्या पिढीचे असेल आणि बुकिंग, बँक, यजमानांची माहिती त्याच्यावरच असेल, तर सिंहस्थाआधी ते काम नव्या किंवा कंपन्यांतून निघालेल्या आठव्या-नवव्या पिढीच्या यंत्रावर हलवा. जुन्यात एसएसडी टाकून लिनक्स मिंट घाला. ते फुकट आहे, मराठी टायपिंग करते, आणि मुलांचा अभ्यास व घरातला ब्राउझर त्यावर आरामात चालतो. नोकरीसाठी लागणारे एखादे खास विंडोज सॉफ्टवेअर मात्र त्यावर चालवण्याचा हट्ट धरू नका. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या यंत्रावर माझ्या मते रुपयाही घालू नये. डिस्क तेवढी काढून घ्या आणि उरलेले भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

वेळेचेही गणित आहे. पत्रा उघडायचे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी करा, कारण ओल्या हवेत उघडलेले जुने यंत्र कुरकुर करते. श्रावण लागला की तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीपर्यंत गावात कोणालाच सवड नसते, आणि त्यानंतर ऑक्टोबर दारात उभा असतो. काढलेली हार्ड डिस्क पाच-सात वर्षांचीच असेल आणि आवाज करत नसेल तर पॉवर असलेल्या यूएसबी खोक्यात घालून ठेवा. तिच्यावर बॅकअप कसा आणि किती प्रतींत घ्यायचा, हे पुढच्या आठवड्यात.